गँडाल्फ विरुद्ध विच-किंग: काठी मोडणं पटतं का?

मोडका कंदील
परवा भाच्याबरोबर 'रिटर्न ऑफ द किंग' पाहिला, टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचा तिसरा चित्रपट. २००३ला थिएटरात लागला होता तो नव्हे, नंतर डीव्हीडीवर आलेला, चार तासांच्या वरचा. त्यात मिनास तिरिथ शहरावर हल्ला चालू असताना चांगल्या बाजूचा मांत्रिक गँडाल्फ छोट्या पिपिनला घेऊन घोड्यावरून घाईने निघालाय आणि समोर खलनायक सॉरॉनचा सेनापती विच-किंग आपल्या उडत्या जनावरावरून येऊन ठाकतो. तलवार उचलतो, ती पेटते, गँडाल्फची काठी फटकन फुटते आणि म्हातारा घोड्यावरून खाली.

भाचा १३ वर्षांचा. त्याने तिथेच निकाल लावला. "मामा, तुझा गँडाल्फ ढेपाळला. विच-किंगच भारी."

मी म्हटलं, पुस्तकात असं काही नाहीये. तो म्हणाला, "मग पुस्तकात कोण जिंकतं?" आणि माझी बोलती बंद. कारण १९५५च्या त्या तिसऱ्या खंडात दोघं समोरासमोर येतात खरे, पण लढाई होतच नाही!

तर मंडळी, लढाई झाली असती तर? आणि एकूणच मांत्रिक नायक आणि खलनायक यांची ताकद तोलायची कशी? भाच्याला उत्तर द्यायचंय, तेव्हा जरा नीट सांगा.

खडूस खवीस
धागा शंभरी गाठणार. कोपऱ्यातली जागा धरून बसलोय.

गोष्टवेडी
कंदीलदादा, आधी पुस्तकातला प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणू, कारण चित्रपटाने त्याचा पार चोथा केलाय.

वेशीचा दरवाजा फुटलाय. विच-किंग घोड्यावरून एकटा आत येतो. वाटेतले सगळे पळालेत. उभा आहे फक्त गँडाल्फ, शॅडोफॅक्सवर, आणि तो घोडासुद्धा हलत नाही. गँडाल्फ सांगतो, तुला आत येता येणार नाही, परत जा. यावर तो डोक्यावरचं आवरण मागे टाकतो. आत मुकुट आहे, पण मुकुटाखाली डोकंच नाही! लाल उजेड दिसतोय तो मुकुट आणि खांदे यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून. तो हसतो, तलवार उंचावतो, पात्यावरून ज्वाळा धावतात.

गँडाल्फ जागचा हलत नाही.

आणि नेमक्या त्या क्षणी गावात कुठेतरी, एखाद्या अंगणात, कोंबडा आरवतो. त्याला ना युद्धाचं पडलंय ना जादूचं. त्याला फक्त सकाळ झाल्याचं कळलंय. पाठोपाठ मदतीला आलेल्या रोहन राज्याच्या सैन्याची शिंगं ऐकू येतात आणि विच-किंग माघारी वळतो.

संपलं. काठीला ओरखडासुद्धा नाही. मला तर ती काठी मोडणं अजिबात पटत नाही.

खडूस खवीस
सॉरॉनने अख्ख्या राज्यावर काळे ढग पांघरले होते ना? म्हणजे कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याच्या मॉर्डॉर देशात कुणी शिकवलं नव्हतं म्हणायचं.

शंकासुर
मी विच-किंगच्या बाजूने. कुणीतरी असायला हवं.

पहिली गोष्ट, शहराचा कारभारी डेनेथोर गँडाल्फला तोंडावर टोमणा मारतो की तुझ्यापेक्षा वरचढ कुणी भेटला म्हणून तू मागे फिरलास का? त्यावर गँडाल्फ भडकत नाही, 'असेलही' अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. स्वतः गँडाल्फलाच खात्री नाही, तर तुम्हा-आम्हाला कुठून?

दुसरी गोष्ट, १९५८ साली चित्रपटाच्या एका पटकथेवर टोल्कीननी ताशेरे ओढले होते. त्यात नाझगूलांबद्दल, म्हणजे विच-किंग ज्यांचा म्होरक्या आहे त्या नऊ अंगठी-भुतांबद्दल, स्पष्ट म्हटलंय की त्यांची मुख्य ताकद म्हणजे लोकांच्या मनातली भीती, आणि अंधारात ती कैक पटींनी वाढते. शिवाय त्या लढाईच्या वेळी सॉरॉनने आपल्या या सेनापतीला जादा बळ दिलं होतं. म्हणजे वेशीत उभा असलेला विच-किंग हा आधीच्या पुस्तकांतला विच-किंग नव्हेच.

तिसरी गोष्ट, कुणाही पुरुषाच्या हातून तो पडणार नाही अशी भविष्यवाणी होती. खेळ खल्लास.

पानगळ
शंकासुरा, तिसरा मुद्दा कच्चा आहे. हिरण्यकशिपूचा वर आणि ही भविष्यवाणी या दोन वेगळ्या गोष्टी. तिकडे दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही असं कवच मिळालं होतं, म्हणून मग फट शोधावी लागली. इथे एल्फ सरदार ग्लोरफिंडेल फक्त पुढचं दिसलं ते बोलला. तिसऱ्या युगातलं १९७५वं वर्ष, विच-किंग हरून पळतोय, गोंडोरचा राजपुत्र मागे धावायला निघालाय, आणि ग्लोरफिंडेल त्याला अडवतो की जाऊ दे, याचा शेवट दूर आहे आणि तो पुरुषाच्या हातून नाही. हे कवच नाही, हवामानाचा अंदाज आहे म्हणा. गंमत अशी की विच-किंगने स्वतःच त्याला वर समजून छाती फुगवली, आणि पुरुषाच्या वेशात लढणारी रोहनची एओविन समोर हेल्मेट काढून उभी राहिली तेव्हा साहेब गडबडले.

आणि गँडाल्फ मुळात माणूसच नाही! त्यामुळे ती भविष्यवाणी त्याच्यापुढे कशी लागू करणार?

आता माझा पुरावा. वेदरटॉप टेकडी, ३ ऑक्टोबर ३०१८ची रात्र. गँडाल्फ एकटा, नाझगूलांनी घेरलेला. दिवसा त्याच्या अंगावर यायची त्यांची छाती झाली नाही, रात्री आले. रात्रभर झुंज चालली, आणि तिचा उजेड दूरवर दलदलीत मुक्काम केलेल्या, अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोलाही आकाशात दिसला. पहाटे गँडाल्फ निसटला. चौघे त्याच्या मागे लागले, हाती काही आलं नाही. हा 'करडा' गँडाल्फ बरं का. पुढे मरून परतला आणि पांढरा झाला, तेव्हा त्याची ताकद वाढलेलीच होती.

शंकासुर
निसटला, जिंकला नाही.

पानगळ
एकटा होता हो तो!

लिंबूटिंबू
मी पुस्तकं वाचलेली नाहीत, हसू नका. गँडाल्फ माणूस नाही म्हणजे काय? म्हातारा मांत्रिक ना?

जुनाट
हसत नाही लिंबूटिंबू, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. थोडक्यात सांगतो.

गँडाल्फ, सॉरॉन, फितूर मांत्रिक सारुमन आणि मोरियाच्या खाणीतला अग्निराक्षस बालरॉग हे चौघेही मुळात एकाच जातकुळीतले. जग घडण्याआधीचे आत्मे, त्यांना 'माया' म्हणतात. गँडाल्फचं मूळ नाव ओलोरिन. तिसऱ्या युगाच्या हजाराव्या वर्षाच्या सुमारास पश्चिमेकडच्या देवतांनी पाच जणांना म्हाताऱ्यांच्या देहात घालून मध्य-पृथ्वीवर पाठवलं. भूक, थकवा, दुखणं सगळं लागू. वर एक अट, सॉरॉनच्या ताकदीला ताकदीने भिडायचं नाही, आणि लोकांना धाक दाखवून आपल्यामागे ओढायचं नाही. समजवायचं, हिंमत द्यायची, बस.

'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये (१९८०) एक छान तुकडा आहे. ओलोरिनला जा म्हटल्यावर तो म्हणतो, मी दुबळा आहे आणि मला सॉरॉनची भीती वाटते. त्यावर उत्तर मिळतं की मग तर तू जायलाच हवं.

आपल्याकडे याचा नमुना कधीचा आहे. न धरी शस्त्र करी मी, गोष्टी सांगेन युक्तीच्या चार! कुरुक्षेत्रावर कृष्णाची ताकद कुणी बाण मोजून काढतं का?

खडूस खवीस
म्हणजे गँडाल्फही माया, सॉरॉनही माया. हे सगळं मिथ्या आहे, तुम्ही उगाच भांडताय. धागा वेदान्तात हलवावा.

शंकासुर
जुनाटकाका, आदर आहे, पण हे 'अट होती म्हणून' प्रकरण मला नाचता येईना अंगण वाकडं यातलं वाटतं. प्रत्येक कथेत चांगल्या मांत्रिकाला कुणीतरी बंधन घालून ठेवतं, म्हणजे लेखकाला तो हवा तेव्हा बलवान आणि नको तेव्हा हतबल दाखवता येतो. दाखवा ना मला एक जागा, जिथे खरोखर ताकदीला ताकद भिडली आणि माप निघालं.

गोष्टवेडी
आहे की. मोरिया, मझारबुलची खोली. सगळे पळून जिन्यावर गेलेत, गँडाल्फ एकटा मागे राहून दार बंद करायचा मंत्र घालतोय. पलीकडून कुणीतरी दाराच्या कडीला हात घालतं. ते जे काही आहे त्याला गँडाल्फ जाणवतो, आणि ते उलट मंत्र टाकतं. दार उघडायला लागतं. गँडाल्फला थेट आज्ञेचा शब्द उच्चारावा लागतो आणि हा ताण दारालाच सोसत नाही, ते फुटून अख्खी खोली कोसळते. तो अंधारातून ठेचकाळत खाली येतो तेव्हा इतका थकलेला असतो की बराच वेळ साधा काठीचा उजेडही पाडत नाही.

दोन पानांचा प्रसंग, पण माझ्या मते पूर्ण ग्रंथातली खरी मांत्रिक कुस्ती हीच. ना विजा, ना आगीचे लोळ. मधे फक्त एक दार. पलीकडे कोण होतं ते नंतर पुलावर कळतं. आणि गंमत बघा, पुलावर गँडाल्फची काठी खरंच मोडते. पण ती बालरॉगने मोडलेली नाही. त्याने स्वतः पुलावर घाव घातला, त्यात पूल आणि काठी दोन्ही गेले.

मोडका कंदील
अरे हो! हे मी साफ विसरलो होतो. मग काठी मोडली म्हणजे हरला असं कुठेय? त्या झुंजीत तर शेवटी बालरॉग मेला.

गोष्टवेडी
आणि गँडाल्फही मेला, हे विसरू नका. १५ जानेवारीला पूल, २५ला डोंगराच्या शिखरावर शेवट. दोघेही खलास. तो परत आला तो कुणीतरी परत पाठवला म्हणून. शंकासुरा, हे घे माप. बालरॉगशी बरोबरी, एकास एक. विच-किंग कितीही फुगवला तरी मूळचा मर्त्य माणूस, सॉरॉनने दिलेल्या अंगठीने खाऊन टाकलेला. तो बालरॉगच्या वरचा असेल हे मला पटत नाही.

पण चित्रपटातली काठी खटकते त्याचं कारण वेगळंच आहे. पुस्तकात एकाची काठी दुसऱ्याने मोडण्याचा प्रसंग एकदाच येतो. पांढरा होऊन परतलेला गँडाल्फ सारुमनला पदावरून काढतो आणि त्याची काठी मोडते, तीही केवळ शब्दाने. म्हणजे ते बडतर्फीचं पत्र आहे. आता विच-किंगला कुठला अधिकार आहे गँडाल्फला बडतर्फ करायचा?

शंकासुर
बडतर्फीचं पत्र! हे आवडलं. अर्धा गुण.

तिसरी घंटा
अवांतर: १९७७ साली 'द ड्रॅगन' या मासिकात एक लेख आला होता की डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या हिशोबाने गँडाल्फ फक्त पाचव्या पातळीचा मांत्रिक ठरतो. युक्तिवाद सरळ. त्याने कादंबरीत प्रत्यक्ष काय काय केलं? थोडा उजेड, थोडी आग, दार बंद, आवाज मोठा. खेळातला होतकरू पोरगाही हे करतो. त्यावरून चाहते अजून एकमेकांच्या उरावर बसतात.

जुनाट
घंटासाहेब, त्या हिशोबाने वसिष्ठ शून्यव्या पातळीचे. विश्वामित्राने कामधेनूसाठी सैन्य आणलं, मग एकेक अस्त्र काढलं, शेवटी ब्रह्मास्त्र सोडलं. वसिष्ठांनी काय केलं? हातातला दंड समोर धरून उभे राहिले, आणि सगळी अस्त्रं त्या दंडाने गिळली. 'धिग्बलं क्षत्रियबलं ब्रह्मतेजोबलं बलम्' असं म्हणून विश्वामित्र तपाला निघून गेला. वेशीत घोड्यावर न हलता बसलेला गँडाल्फ वाचताना मला दरवेळी हाच दंड आठवतो.

तिसरी घंटा
पटलं. खेळाचे नियम 'न हलणं' कसं मोजणार?

लिंबूटिंबू
मला हॅरी पॉटर येतं, त्यावर बोललं तर चालेल? डंबलडोर आणि वोल्डेमोर्ट पाचव्या पुस्तकात मंत्रालयात समोरासमोर लढतात तिथे तर माप निघतं ना?

पानगळ
चालेल म्हणजे काय, धागा त्यावरही आहेच. पण नीट बघ, तिथेही निकाल लागत नाही. वोल्डेमोर्ट जिवे मारायचे मंत्र टाकत राहतो, डंबलडोर एकही तसला टाकत नाही. पुतळे हलवतो, पाण्यात कोंडतो. एकाला काहीही चालतं आणि दुसरा अर्ध्या गोष्टी हातच लावायच्या नाहीत असं ठरवून आलाय, तरी सामना बरोबरीत! मग भारी कोण?

शिवाय छडीचं बघ. एल्डर वाँड म्हणजे अजिंक्य म्हणतात, पण आधीच्या काळच्या दुष्ट मांत्रिकाच्या, ग्रिंडेलवाल्डच्या हातात तीच होती आणि १९४५ साली तो डंबलडोरकडून हरलाच. काठी, छडी, अंगठी ही मापं दरवेळी फसतात.

गोष्टवेडी
पानगळ, 'अंगठी' म्हणालास तिथेच खरी मेख आहे. खलनायकाची ताकद बहुतेक वेळा त्याच्या आत नसते, बाहेर काढून ठेवलेली असते. सॉरॉनने आपलं बरंचसं बळ अंगठीत ओतलं. अंगठी बोटात असताना फायदा, पण वितळली की मालक पाचोळा. वोल्डेमोर्टने आत्म्याचे तुकडे केले, तेच. त्याच्याही आधीचा मोरगोथ घ्या, सॉरॉनचा धनी, मुळात कितीतरी मोठा. पण त्याने आपलं बळ सगळ्या पृथ्वीच्या मातीत मुरवलं. टोल्कीनच्या टिपणांत असं आहे की दुसऱ्या युगातला सॉरॉन हा पहिल्या युगाच्या अखेरीच्या मोरगोथपेक्षा प्रत्यक्षात वरचढ होता. मालक मोठा, पण तिजोरी रिकामी.

आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तोच प्रकार. पोपट सुखरूप तोवर राक्षसासारखा राक्षस नाही.

गँडाल्फकडेही तीन एल्फ-अंगठ्यांपैकी एक होती, अग्नीची, पण त्याचा जीव काही तीत नव्हता.

खडूस खवीस
पहिल्या युगात सॉरॉन एका कुत्र्याकडून हरला होता हे कुणी सांगणार आहे का, की मीच सांगू?

पानगळ
हुआन नावाचा होता. साधासुधा नव्हता रे, बोलणारा होता. सॉरॉन लांडग्याच्या रूपात त्याच्यावर गेला आणि त्याने नरडं धरलं ते सोडलंच नाही. एल्फ राजकन्या लुथिएनने बुरूज ताब्यात द्यायला लावला आणि मग साहेब वटवाघूळ होऊन उडाले. त्याआधी त्याच सॉरॉनने एल्फ राजा फिनरोडला हरवलं होतं, तेही गाण्यात! अक्षरशः जुगलबंदी.

खडूस खवीस
गाण्यात जिंकला, कुत्र्याला हरला. अशी माणसं मी बघितलीत.

रात्रपाळी
मी लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगते. दोन वर्षांपूर्वी एक अद्भुत मालिका लिहायला घेतली होती. नायकाचा गुरू मांत्रिक. पहिल्याच प्रकरणात हौसेने त्याला वादळ थांबवायला लावलं. नवव्या प्रकरणात गावाला पूर आला आणि दोन वाचकांनी एकदमच विचारलं, "गुरुजी वादळ थांबवतात, मग पूर का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग काय, गुरुजींना ताप आणला. अकराव्यात पुन्हा ताप. तेराव्यात एका वाचकाने लिहिलं की गुरुजींना एकदा वैद्याला दाखवा. मालिका तिथेच बंद पडली.

त्यामुळे शंकासुरा, तुझा आक्षेप बरोबर आहे, बंधन ही लेखकाची सोय असतेच. फरक एवढाच की ते आधी सांगितलेलं हवं आणि त्याची किंमत कुणीतरी मोजायला हवी. माझ्या तापाची किंमत कुणीच मोजली नाही. गँडाल्फच्या बाबतीत मोजली जाते, आणि ती बरोबर त्या वेशीतल्या प्रसंगानंतर लगेच. गोष्टवेडीने तो भाग सोडला.

विच-किंग वळतो. गँडाल्फ त्याच्या मागे जायला निघालेला असतो. तेवढ्यात पिपिन धावत येतो: डेनेथोरला वेड लागलंय, पोटच्या पोराला, फारामिरला जिवंत जाळतोय. आता एकच करता येईल. गँडाल्फ पिपिनला सरळ सांगतो की मी फारामिरला वाचवायला गेलो तर बाहेर दुसरे कुणी मरतील. आणि तो जातो फारामिरकडे. इकडे मैदानात विच-किंग रोहनच्या राजावर, थेओडेनवर झेपावतो. राजा मरतो, एओविन आणि पिपिनचा मित्र मेरी मरणाच्या दारात जाऊन येतात.

म्हणजे विच-किंगला अडवू शकेल असा एकच जण त्या शहरात होता, आणि त्याने लढाई सोडून एका तापाने फणफणलेल्या मुलाला चितेवरून उचललं.

मोडका कंदील
हे मी आजवर असं वाचलंच नव्हतं. दोन प्रकरणं वेगवेगळी येतात म्हणून सांधा लक्षात येत नाही.

शंकासुर
बरं, अर्ध्याचा पाऊण करतो. पण बघा, हे मान्य केलं तर चित्रपटवाल्यांचंही थोडं समजून घ्यावं लागेल. पडद्यावर 'न हलणं' दाखवलं तर लोक म्हणणार रिमोट अडकला. काहीतरी फुटायला हवं, म्हणून काठी फोडली.

गोष्टवेडी
दार फोडायचं होतं ना मग, आयतं होतं समोर.

जुनाट
एक शेवटची भर. टोल्कीनच्या १९६३च्या एका पत्राच्या मसुद्यात हा प्रश्न थेट येतो की अंगठी हाती घेऊन सॉरॉनला समोरासमोर कोण भारी पडू शकलं असतं? उत्तर, फार तर गँडाल्फ. पण पुढे असंही आहे की अंगठीचा मालक झालेला गँडाल्फ सॉरॉनपेक्षा वाईट ठरला असता, कारण तो सगळं तुमच्या भल्यासाठी करत राहिला असता. कंदील, भाच्याला 'कोण भारी' हवं असेल तर हे कागदोपत्री उत्तर.

खडूस खवीस
तुमच्या भल्यासाठी करणारे... नको, नातेवाईक वाचतात हा धागा.

मोडका कंदील
मंडळी, अहवाल देतो. काल भाच्याला समोर बसवून सगळं सांगितलं. माया, बालरॉग, दार, बडतर्फीचं पत्र, फारामिर, सगळं. मग वेशीतलं ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं पोराने. वाटलं, पोहोचलं.

म्हणाला, "म्हणजे कोंबडा जिंकला."

आता यावर काय बोलू सांगा.

शंकासुर
पैकीच्या पैकी गुण. मी कोंबड्याच्या बाजूने.